कीनचा ‘अंडर द आयर्न सी’: गिटार नाहीये, पियानोच आहे, आणि तो भडकलेला आहे

सीडीचं कव्हर माझ्याकडे आहे, आतली सीडी नाहीये. कव्हरपण धड नाही, कोपऱ्यात तडा गेलाय आणि बिजागरीचा एक दात मोडलाय, त्यामुळे उघडायला गेलं की झाकण सरळ हातात येतं. वर समुद्राचं चित्र आहे, पण जरा निरखून बघितलं की कळतं की लाटा म्हणजे घोडे आहेत, उधळलेले, एकमेकांच्या अंगावर चढलेले. सॅना अनुका नावाच्या चित्रकार बाईंचं काम ते, आणि त्या वर्षी मी घेतलेल्या सीड्यांमधे कव्हर म्हणून हे एक नंबर होतं. कीन या इंग्लिश बँडचा हा दुसरा अल्बम, जून २००६ चा. मी जुलैत घेतला, काळा घोड्याच्या रिद्म हाऊसमधून. चारशेच्या आसपास काहीतरी दिले असतील. पगार तेव्हा किती होता ते सांगत नाही, पण पाकिटातून नोटा काढताना हात थांबला होता एवढं आठवतंय. रिद्म हाऊस २०१६ ला बंद झालं, त्यावर लिहायला बसलो तर अल्बम राहून जाईल, सो पुढे.

ज्यांना कीन म्हटल्यावर काहीच आठवत नाहीये त्यांनी ‘समव्हेअर ओन्ली वी नो’ आठवा. हां, तेच, रीलवाल्यांचं. कोकणात गेले की लावतात, शाळेच्या रियुनियनला लावतात, जुना सोसायटीचा कुत्रा गेला तरी लावतात. माझ्या भाचीला ते गाणं आत्ता दोन-तीन वर्षांत आलंय असंच वाटत होतं, मी बोललो बाई ते २००४ चं आहे, तू तेव्हा जन्मलीपण नव्हतीस. ते त्यांच्या पहिल्या अल्बममधलं, होप्स अँड फिअर्स. त्या अल्बमने इंग्लंडमधे धुमाकूळ घातला, २००५ ला दोन ब्रिट अवॉर्ड मिळाले. बँडमधे तिघंच, टॉम चॅप्लिन गाणार, टिम राइस-ऑक्सली पियानो वाजवणार आणि बहुतेक सगळं लिहिणार, रिचर्ड ह्यूज ड्रम्सवर. ईस्ट ससेक्समधलं बॅटल नावाचं गाव (म्हणजे गावाचं नावच लढाई), तिथली पोरं, लहानपणापासून एकमेकांना ओळखणारी. आधी एक गिटारवाला होता, डॉमिनिक स्कॉट, तो २००१ ला बाहेर पडला. यांनी दुसरा शोधलाच नाही. पियानोवरच भागवायचं ठरवलं.

इथे मला यांच्याबद्दल पहिल्यांदा जिव्हाळा वाटला कारण आमचंपण सेम झालेलं. गिरगावात आम्हा पोरांचा एक वाद्यवृंद होता. वाद्यवृंद म्हणजे फार काही समजू नका, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, कधी कुणाचा साखरपुडा, एकदा एका पतपेढीचा वर्धापनदिन. आमच्या गिटारवाल्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला, मग त्याचे सगळे पीसेस माझ्या गळ्यात. ज्याने ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय त्याला माहितीये काय होतं, बासरी तूच वाजव, सनई तूच वाजव, व्हायोलिन तूच, आणि आता गिटारपण तूच. माझ्या कॅसिओत गिटारचा जो टोन होता तो ऐकून कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर रबर बँड ताणलाय असं वाटायचं. पहिल्या रांगेतल्या आज्या सोडल्या तर सगळ्यांना कळायचं.

तर असा माणूस जेव्हा ‘इज इट एनी वंडर?’ पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याचं काय होणार. गाणं सुरू होतं तेच एका करकरीत, पिळून काढल्यासारख्या आवाजाने, आणि शंभरातले नव्वद लोक सांगतील की ही गिटार आहे. आमच्या वाद्यवृंदात गाणारा माझा जिगरी दोस्त होता, त्यानेपण तेच सांगितलं. पैज लागली, दोन वडापाव आणि कटिंग. ठाकुरद्वारच्या सायबर कॅफेत बसून त्यांच्या लाइव्हचा एक व्हिडिओ अर्धा तास बफर होऊ दिला, तासाचे वीस रुपये वर गेले ते वेगळेच, आणि मग दिसलं की स्टेजवर गिटार कुठेच नाहीये, टिम पियानोवर वाकून वेड्यासारखा डोकं हलवतोय आणि तो आवाज तिथून येतोय. वडापाव मी जिंकलो. दोस्त बोलला ही चीटिंग आहे.

चीटिंग कशी आहे ते सांगतो कारण अख्ख्या अल्बमची मजा त्यात आहे. टिम जो पियानो वाजवतो तो यामाहाचा सीपी ७०. हा साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड नाही. आत खऱ्या तारा आहेत, खरे हातोडे आहेत, पट्टी दाबली की हातोडा तारेवर पडतो, फक्त ७३ पट्ट्या आहेत आणि घरच्या पियानोला जो लाकडाचा मोठा साउंडबोर्ड असतो तो नाही. त्याच्या जागी पिकअप आहेत, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलून वायरमधे पाठवणारे तुकडे. दौऱ्यावर नेता यावा म्हणून दोन भागांत सुटतो. म्हणजे आवाज हवेत जायच्या आधी वायरमधे जातो, आणि एकदा आवाज वायरमधे आला की त्याला गिटारवाल्यांचे सगळे पेडल लावता येतात, डिस्टॉर्शन लावा (म्हणजे आवाज मुद्दाम फाडा), डिले लावा (म्हणजे तो मागून घुमवा), काय वाट्टेल ते. पियानोची गोची काय असते की सूर वाजला की तो लगेच मरायला लागतो, तुम्ही पट्टी दाबून धरा नाहीतर तिच्यावर बसा, तो विरतच जाणार. डिस्टॉर्शन टाकलं की तो विरणारा सूर ओरडत राहतो. पहिल्या अल्बममधे पियानो पियानोसारखा वागत होता, सुसंस्कृत, पाहुण्यांसमोर गाणारा. इथे त्याला भूत लागलंय.

बरं हे सगळं नुसतं आवाज मोठा करायला केलं असतं तर दोन गाण्यांत कंटाळा आला असता. ‘पुट इट बिहाइंड यू’मधे मला तसं थोडं वाटतंच, नुसता दणका. पण सुरुवातच बघा ना, पहिलं गाणं ‘अटलांटिक’. हिट अल्बम दिल्यावर दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं म्हणून कुठलाही शहाणा माणूस कोरस असलेलं, टाळ्या पडतील असं गाणं टाकेल. यांनी टाकलं एक संथ, दाबलेलं, जमिनीखालून धडधड येतेय असं गाणं, ज्याला नीट कोरसच नाही. शब्द काय तर म्हातारपणी एकटं पडायची भीती. आणि तीनेक मिनिटं ती धडधड अंगावर घेतली की एकदम सगळं मोकळं होतं, पियानो स्वच्छ होतो, आवाज वर जाऊन तरंगतो, जणू बुडता बुडता पाणी शांत झालं. ते वळण येतं तिथे माझा आजही श्वास थांबतो, आणि मी काय कमी वेळा ऐकलंय का. गंमत म्हणजे अल्बमच्या आधी लोकांसमोर आणलं तेपण हेच, व्हिडिओ केला अर्विन वेल्शने, तो स्कॉटिश कादंबरीकार. गायकाच्या चेहऱ्यावर चाललेल्या बँडने असं करायला डेअरिंग लागते.

आता तो जुलै. मुंबईत जो होता त्याला २००६ चा जुलै सांगायला नको. ११ तारखेला संध्याकाळी वेस्टर्नच्या लोकलमधे सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, अकरा मिनिटांत. मी तेव्हा चर्नी रोडवरून अंधेरीला कामाला जायचो, म्हणजे गर्दीच्या उलटा, सेकंड क्लास. दुसऱ्या दिवशी गाडी पकडली. डब्यात कोणी बोलत नव्हतं. एरवी आपण वर रॅककडे बघतो ते बॅग ठेवायला जागा आहे का म्हणून, त्या दिवशी सगळे वर बघत होते की कुठल्या बॅगला मालक आहे. एका काकांनी काळ्या रेक्झिनच्या बॅगेकडे बोट दाखवून नुसत्या भुवया उडवल्या, कोपऱ्यातला मुलगा बोलला माझी आहे काका, आणि त्याने ती उतरवून मांडीवर घेतली, उघडून डबा दाखवला. स्टीलचा डबा. मी सीडी रिप करून २५६ एमबीच्या एमपीथ्री प्लेअरवर टाकली होती, एक इअरफोन कानात, दुसरा मुद्दाम बाहेर, कारण त्या दिवशी दोन्ही कान बंद करायची हिंमत नव्हती. आणि लागलं ‘अ बॅड ड्रीम’.

या गाण्याच्या मागे येट्स या आयरिश कवीची एक कविता आहे, पहिल्या महायुद्धातला आयरिश वैमानिक, त्याला माहितीये तो मरणार आहे, आणि ज्यांच्याशी लढतोय त्यांच्याबद्दल द्वेष नाही, ज्यांच्यासाठी लढतोय त्यांच्याबद्दल प्रेम नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एका कानात फक्त एवढंच कळत होतं की कोणीतरी खूप थकलेला माणूस खूप उंचावरून गातोय. गाणं हळू चढत जातं आणि पुढे टिमचा तो पिळवटलेला पियानो येतो, एरवी जिथे गिटारचा सोलो येतो बरोब्बर तिथे, पण गिटारचा सोलो बहुतेक वेळा छाती काढून येतो आणि हा रडून घसा बसल्यासारखा येतो. मी दादरपर्यंत तेच रिपीट केलं. अल्बमचा आणि त्या घटनेचा काही संबंध नाही, मलापण माहितीये, पण काही अल्बम कुठे ऐकले ते त्यांच्या अंगाला चिकटतं, सुटत नाही.

या अल्बमला सगळे डार्क डार्क म्हणतात. आवाज काळा केला म्हणून डार्क, असं बहुतेकांचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे. यातला खरा अंधार गाणी कोणी लिहिली आणि कोणी गायली यात आहे. पहिल्या अल्बमनंतर दोन वर्षं हे लोक जगभर फिरत होते आणि त्या फिरण्यात टिम आणि टॉमचं फाटलं. लहानपणचे दोस्त, एका बसमधे, आणि बोलणं बंद. टॉम दारू आणि ड्रग्जच्या नादी लागला होता. टिम समोरासमोर बोलणारा माणूस नाही, तो गाणी लिहितो, सो त्याने गाणी लिहिली. टॉमबद्दल. आणि मग ती गाणी गायला दिली कोणाला, तर टॉमलाच. जरा थांबून विचार करा याचा. तुमच्या दोस्ताने तुमच्या तक्रारींची वही लिहिलीये आणि माइकसमोर उभं करून तुम्हालाच वाचायला लावतोय, आणि तुम्हाला माहितीये की ती वही तुमचीच आहे, आणि तुम्ही सुरात वाचताय. अल्बम जूनमधे आला, इंग्लंडमधे नंबर एकला गेला आणि ऑगस्टमधे टॉम उपचारांसाठी क्लिनिकमधे दाखल झाला, अमेरिकेचा दौरा रद्द. म्हणजे गाण्यांमधे जे आहे ते बनवाबनवी नव्हती.

‘हॅम्बर्ग साँग’ त्यातलंच. या गाण्यात पियानोचा दंगा नाही, ऑर्गनसारखे लांब सूर आणि त्यावर टॉमचा आवाज, बस. माझा काका साहित्य संघात संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचा, पायपेटी, पायाने भाता मारायचा आणि वर दोन्ही हात. बालगंधर्वांच्या गाण्यामागे जो ऑर्गन ऐकू येतो ना, त्या परंपरेतला शेवटचा-शेवटचा माणूस समजा, अर्थात त्या पातळीचा नाही, काका स्वतःच हसला असता. तर घरात ऑर्गन म्हणजे काय ते आम्हाला माहिती. मी हे गाणं स्पीकरवर लावलेलं, काकू आतून पोळ्या लाटता लाटता बोलली, ‘चर्चमधलं आहे का रे?’ मी बोललो नाही गं, भांडणाचं आहे. ती बोलली, ‘भांडणाचं असं असतं होय?’ काका पेपरातून डोकं न काढता बोलला, ‘सूर सोडत नाहीये बघ तो, धरून ठेवलाय.’ त्याला इंग्लिश शब्दांतलं काही कळलं नव्हतं. पण पियानोचा सूर मरतो आणि ऑर्गनचा तुम्ही सोडेपर्यंत मरत नाही, आणि अख्खं गाणं ‘तुला माझी काही पडलीये का’ एवढंच विचारत धरून बसलंय, हे त्याने चार शब्दांत सांगितलं. रेडिओवाल्यांनी १९४० पासून तीस वर्षं पेटीला बंदी घातली होती कारण तिच्यात मींड निघत नाही, सूर वाकत नाही म्हणून. काकाचा त्यावर राग होता. तो म्हणायचा वाकत नाही तर नाही, धरता तर येतो ना.

‘ब्रोकन टॉय’पण त्याच भांडणातलं, सहा मिनिटांच्या आसपासचं, आणि अल्बममधलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं गाणं. जॅझकडे झुकणारं, ड्रम्स एरवीसारखे ठोकत नाहीत, घसरत घसरत चालतात. रिचर्ड ह्यूजबद्दल कोणी कधी बोलत नाही, त्याने हे गाणं उचललंय. खेळून झालेलं खेळणं कोपऱ्यात टाकलंय अशी तक्रार, आणि ती ज्याच्याबद्दल आहे त्याच्याच तोंडून. पहिल्या दहा वेळा मी हे गाणं ऐकलं तेव्हा मी टिम होतो. साहजिक आहे, कीबोर्डवाला मी, मागे बसणारा मी, टाळ्या गाणाऱ्याला मिळणार आणि वायरी गुंडाळणार मी. माझ्या दोस्ताचं आणि माझं त्याच वर्षी गणपतीनंतर बिनसलं. कारण अगदी फालतू, एका मंडळाचे पैसे त्याने घेतले आणि मला उशिरा सांगितलं, रक्कम सांगितली तर हसाल. पण ते पैसे नव्हतंच, ते वायरी गुंडाळणं होतं. सीडी तेव्हा त्याच्याकडे ऐकायला गेलेली होती. ती तिथेच राहिली. कव्हर माझ्याकडे, कारण मी सीडी नेहमी कव्हरशिवाय द्यायचो, कव्हर खराब होऊ नये म्हणून. शहाणपणा.

आता जरा नावं ठेवतो, नाहीतर वाटेल की फॅन क्लबचा मेंबर आहे. ‘लीव्हिंग सो सून?’ मला कधीच झेपलं नाही. चौथ्या नंबरला का आहे कळत नाही, आधीच्या तिघांनी जे उभं केलंय त्यावर हे येऊन थुईथुई नाचतं. ‘क्रिस्टल बॉल’ चांगलं आहे, गुणगुणायला एकदम मस्त, सिंगल म्हणूनपण आलं, पण ते पहिल्या अल्बममधे जास्त शोभलं असतं, शब्द अंधारातले आणि चाल पिकनिकची. आता कोणी म्हणेल तोच तर पॉइंट आहे, असेल, मला नाही पटला. ‘ट्राय अगेन’ शेवटाकडे येतं, सुंदर म्हणावं तर सुंदर, पण टॉमच्या आवाजाला गोड गायला दिलं की तो साखर जास्त टाकतो. आणि शेवटचं ‘द फ्रॉग प्रिन्स’, राजपुत्राचा बेडूक झाल्याची परीकथा, यात सिंथची अशी काही आतषबाजी आहे की पहिल्यांदा मी मागच्या रांगेतून उठून जायच्या तयारीत होतो. आता आवडतं. अर्धं.

साउंडची तक्रार खरी आहे. सगळं फार भरलेलं, फार जोरात. साध्या इअरफोनवर ‘पुट इट बिहाइंड यू’ ऐकलंत तर पियानो, बेस, ड्रम सगळ्याची खिचडी होते, कशातलं काही वेगळं होत नाही. पहिल्या अल्बममधे जी हवा होती ती इथे काढून घेतलीये, मुद्दाम असेल, गुदमरायला व्हावं म्हणून असेल, पण दमायला होतं. बरे हेडफोन असतील तरच लावा, किंवा मोठे स्पीकर आणि सहनशील शेजारी. मधे एक बिनशब्दांचा तुकडा आहे, ‘द आयर्न सी’, तो लोक पुढे ढकलतात. ढकलू नका. तिथे जरा श्वास घेता येतो, श्वास म्हणजे पाण्याखालचाच, पण तरी.

‘नथिंग इन माय वे’ राहिलं की. ते अल्बममधलं सगळ्यात चतुर गाणं. वरून बघितलं तर उड्या मारायला लावणारा पियानो, रेडिओवर लावा, गाडीत लावा. आत काय चाललंय, तर सगळं ठीक आहे असं दाखवणारी माणसं, संपलेलं आहे तरी हसून सोबत चालणारी. आपल्याकडे नाही का लग्नात दोन भाऊ शेजारी शेजारी उभे राहून फोटो काढतात आणि गेली चार वर्षं कोर्टात केस चालू असते, तसं. चाल हसते आणि शब्द डोळे चुकवतात. वर ‘क्रिस्टल बॉल’ला जे जमलं नाही म्हटलं ते इथे जमलंय, का जमलंय ते नीट सांगता येत नाही, बहुतेक टॉम इथे कमी साखर घालतो.

हे सगळं आत्ता का काढलं, तर परवा मेट्रो थ्रीने गिरगावला गेलो. आम्ही गिरगाव सोडून मरोळला आलो त्याला बारा वर्षं झाली, आमची चाळ पडली, तिथे आता टॉवर आहे, तेही असो. मरोळ नाक्याला बसलो, अॅपवर अल्बम लावला पहिल्यापासून. अख्खा अल्बम पन्नासेक मिनिटांचा आहे आणि सगळा प्रवास जमिनीखालून, बीकेसी गेलं की गाडी मिठी नदीच्या खालून जाते. २००५ च्या २६ जुलैला याच नदीने काय केलं ते बघितलेला माणूस मी, आणि आता मी तिच्या खाली एसीत बसून अटलांटिक नावाच्या समुद्राबद्दलची गाणी ऐकतोय. खिडकीत काही दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. लोकलमधे अल्बम नीट ऐकता येत नाही, कोणीतरी उतरतंय, कोणीतरी चढतंय, भांडण, भजन, चणेवाला. मेट्रोत कोणीच काही करत नाही, सगळे मोबाइलमधे. अंधारी गाणी ऐकायला जागा एकदम करेक्ट आहे, माझ्या मते अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तर असाच ऐका, मधे न थांबता, शफल बंद करून. शफलवर लावलात तर ‘लीव्हिंग सो सून?’च्या मागे ‘हॅम्बर्ग साँग’ लागेल आणि मला शिव्या घालाल.

त्या प्रवासात ‘ब्रोकन टॉय’ लागलं तेव्हा गंमत झाली. इतकी वर्षं मी त्यात टिमचे शब्द ऐकत होतो. या वेळी पहिल्यांदा टॉम ऐकला. म्हणजे शब्द काय आहेत ते सोडूनच दिलं आणि हा माणूस ते कसे गातोय ते ऐकलं. तो स्वतःचा बचाव करू शकला असता ना, आवाजात थोडी चेष्टा आणली असती, थोडा कोरडेपणा, गाणाऱ्याच्या हातात शंभर गोष्टी असतात. त्याने काही केलं नाही. दोस्ताने जे लिहिलं ते पूर्ण ताकदीने गायलं, स्वतःविरुद्ध. मी स्वतः तरी हे करू शकलो नसतो. आणि मला आठवलं की आमच्या शेवटच्या कार्यक्रमात माझा कीबोर्ड मधेच बंद पडला, अॅडॉप्टर सैल झाला होता, आणि हा माझा दोस्त नुसता गात राहिला, तबल्यावर, अख्खं एक कडवं, मागे वळून माझ्याकडे बघितलंपण नाही म्हणजे लोकांना कळू नये. मी तेव्हा समजलो की याला माझी गरजच नाही. आता वाटतं तो मला झाकत होता. खरं काय ते तोच जाणे.

गिरगाव स्टेशनला उतरलो, वर आलो आणि फोन केला, नंबर तोच होता. तो अजून तिथेच राहतो, मुगभाटात. भेटलो, चहा घेतला, पैशांचा विषय कोणी काढला नाही. निघताना तो बोलला तुझी सीडी आहे माझ्याकडे, माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलाच्या खोक्यात. मी बोललो कव्हर माझ्याकडे आहे. मग दोघांना एकदम आठवलं की सीडी प्लेअर दोघांकडेही नाहीये.

बँडचं म्हणाल तर त्यांनी २००८ च्या पुढच्या अल्बममधे गिटार घेतलीच, आणि तो अल्बमपण वाईट नाही, रंगीत आहे, पण मला तिथे ते बाकीच्यांसारखे वाटतात. गिटार नसल्याची जी चडफड या दुसऱ्या अल्बममधे आहे ती परत नाही आली. ‘इज इट एनी वंडर?’ला ग्रॅमीचं नामांकन होतं, मिळालं नाही.

रेटिंग द्यायची तर पाचातले चार. अर्धा कापला ‘लीव्हिंग सो सून?’साठी, अर्धा त्या गच्च साउंडसाठी. नवीन ऐकणाऱ्याने सुरुवात ‘अ बॅड ड्रीम’पासून करा, आवडलं तर पहिल्यापासून लावा, नाही आवडलं तर पहिला अल्बम ऐका आणि खूश राहा. आणि कोणाकडे चालू कंडिशनमधला सीडी प्लेअर पडून असेल, गिरगाव ते दादर कुठेही, तर सांगा, येऊन घेऊन जाईन.